शालनचा तोंडी पेपर

“अहो, जपानात पाणी गळतंय!” शालन आतून ओरडली.

मी दारात बशीर प्लंबरशी बोलत होतो. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

“कुठं गळतंय म्हणाल्या वहिनी?”

“न्हाणीत. चल, दाखवतो.”

न्हाणीच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी होती. लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘ओ जापों’. बशीर ती वाचून आत गेला, वॉशर बदलला, बाहेर आला. मग त्याला बाकीच्या पाट्या दिसायला लागल्या. स्वयंपाकघरावर ‘आँ फ्राँस’. माळ्याच्या शिडीला ‘ओझ एताझ्युनी’. मागच्या दाराला ‘आ पारी’.

“कंट्रोलर,” तो हळूच म्हणाला, “रिटायर झाल्यावर माणसाला असं होतं, पण वहिनींना पण?”

शालन फ्रान्समधून चहा घेऊन आली. हसू दाबायला तिने पदर तोंडात धरला होता.

ही गोष्ट २०१२ सालची. त्या जूनमध्ये मी इस्लामपूर आगारातून निवृत्त झालो होतो. वाहतूक नियंत्रक, म्हणजे लोकांच्या भाषेत कंट्रोलर. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठल्या पाटीची गाडी कुठून जाणार, हे ओरडून सांगायचं काम. एकूण नोकरी चौतीस वर्षं, सुरुवात कंडक्टर म्हणून.

आमची एकुलती मुलगी स्वप्नाली फ्रान्समध्ये रेन नावाच्या गावी असते. तिथल्याच एतिएन नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं. तिची सासू ब्रिजित फार चांगली बाई, पण तिला फ्रेंचशिवाय काही येत नाही. रविवारी कॉम्प्युटरवर दोघी विहिणी समोरासमोर बसायच्या. ती हसायची, ही हसायची.

“दोन वर्षं नुसत्या हसतोय,” शालन एकदा म्हणाली. “माझा जबडा दुखायला लागला.”

त्यातच स्वप्नालीला दिवस गेले. बाळंतपणाला आम्ही दोघं जायचं ठरलं आणि शालनने जाहीर केलं, “मी त्यांची भाषा शिकून जाणार.”

सांगलीला विश्रामबागेत हार्डवेअरच्या दुकानावर पोंक्षे बाईंचा फ्रेंचचा क्लास होता. बाई बारा वर्षं पाँडिचेरीत राहून आलेल्या. मंगळवार, शनिवार आम्ही दोघं एसटीने जायला लागलो. क्लासमध्ये पंधरा जण. त्यातले तेरा आमच्या मुलीपेक्षा लहान.

पहिल्या दिवशी फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता, ‘यापूर्वी उत्तीर्ण झालेली परीक्षा’. शालनने तिथे आडवी रेघ मारली.

“नववी पास लिही की,” मी म्हणालो.

“नववी म्हणजे परीक्षा नव्हे. नववी म्हणजे वर्ग.” तिने फॉर्म पुढे सरकवला. येताना एसटीत म्हणाली, “ही एक परीक्षा मी पास होणार बघा. आयुष्यात एक तरी कागद पाहिजे. वर माझं नाव आणि खाली पास.”

मी खिडकीबाहेर बघत बसलो. तिची दहावी का राहिली ते मला माहीत होतं. १९७८ साली मला नवीन नोकरीत चार दिवसांची रजा मिळाली होती, ती मार्चमध्ये. तिच्या वडिलांनी निरोप पाठवला होता, पोरीची परीक्षा आहे, पंधरा दिवस पुढे ढकलता का? मी कळवलं, रजा परत मिळणार नाही. तिच्या ट्रंकेत तळाच्या कागदाखाली हॉल तिकीट होतं. दोन वेण्यांचा फोटो. ते मी एकदा बघितलं आणि होतं तसं ठेवलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

क्लास बरा चालला होता. पण गावं आणि माणसं आली आणि सगळ्यांची दांडी उडाली.

आपण म्हणतो पुण्याला जातो, कोकणात जातो, मामाकडे जातो. त्यांच्यात शब्दाच्या आधी एक बारका शब्द लागतो. गाव असलं की ‘आ’. देश असला तर आधी बघायचं की देश बाई आहे का बुवा. बाई असेल तर ‘आँ’, बुवा असेल तर ‘ओ’. आणि माणसाकडे जायचं असेल तर ‘शे’.

“देशात बाई-बुवा कसं ओळखायचं, बाई?” शालनने विचारलं.

“पाठ करायचं,” पोंक्षे बाई म्हणाल्या. “फ्रान्स बाई, इटली बाई, चीन बाई. जपान बुवा, पोर्तुगाल बुवा. अमेरिका मात्र अनेकवचनी, ‘ओझ एताझ्युनी’.”

“आणि आपला?”

“भारत बाई.”

“बघा!” शालन सगळ्या वर्गाकडे वळून म्हणाली. “त्यांना पण कळलं.”

‘शे’ मात्र तिला सांगावं लागलं नाही. “म्हणजे आपलं ‘कडे’ की. सोनाराकडे, शिंप्याकडे, डॉक्टरकडे.” तिने धडाधड वीस वाक्यं म्हणून दाखवली. बाई बघतच राहिल्या. माझं उलटं. गावं आणि देश मला चटकन जमले, पण माणूस आला की मी अडायचो. तोंडात ‘शे’ यायचंच नाही.

“ह्यांचं बरोबर आहे, बाई,” शालन म्हणाली. “एसटी गावाला जाते. माणसाकडे कधी गेलीय का?”

वर्ग हसला. मीही हसलो. खरंच होतं ते. मी हजार गावं ओरडलो असेन, आणि शालन कुठल्या गावाला फारशी गेली नव्हती, पण आळीतला असा एक उंबरा नव्हता जो तिने ओलांडला नव्हता.

“स्वतःच्या घरी जायचं असेल तर ‘शे म्वा’,” बाईंनी फळ्यावर लिहिलं. “माझ्याकडे. माझ्या घरी.”

शालनचा हात वर. “बाई, सासरी जायचं असलं तर?”

“शेच.”

“आणि माहेरी?”

“तेही शेच. सासर-माहेर असे वेगळे शब्द नाहीत त्यांच्यात.”

शालन विचारात पडली. “मग त्यांच्या बायका रुसून जातात कुठं?”

त्या दिवशी पुढचा धडा झालाच नाही.

घरी आल्यावर मी पाट्यांचं काम काढलं. आगारातला पेंटर माझ्या ओळखीचा होता, त्याच्याकडून लाल आणि निळा रंग आणला, जुन्या कॅलेंडरांचे पुठ्ठे कापले. बायकांना लाल, बुवांना निळा असं ठरलं होतं. पण निळा डबा शालनच्या हातून सांडला, त्यामुळे सगळेच लाल झाले. मग सकाळी सहापासून मी वर्तमानपत्राची सुरळी तोंडाला लावून सुरू व्हायचो.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! सोप्यातून जपानला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे!”

“ज व्हे ओ जापों!” म्हणजे, मी जपानला जाते, असं शालन बादली घेऊन न्हाणीत जाताना म्हणायची. चुकली तर गाडी रद्द. मग तिने पुन्हा बाहेरच्या सोप्यातून निघायचं. एकदा चार वेळा गाडी रद्द झाली आणि चुलीवर, म्हणजे फ्रान्समध्ये, दूध उतू गेलं. त्या दिवशी तिने माझ्याच हातातली सुरळी ओढून माझ्या पाठीत घातली.

माणसांच्या पाट्या करता येत नव्हत्या, म्हणून संध्याकाळी ती माझी परीक्षा घ्यायची. आळीतून चालताना एकेका घराकडे बोट दाखवायची. मी ‘शे पाटील, शे म्हेत्रे’ म्हणायचं. म्हेत्रेकाकू एकदा गेटमध्ये उभ्या होत्या.

“काय हो कंट्रोलर, काय शे शे करताय? कुत्रं हाकलताय का?”

त्याच म्हेत्रेकाकूंची शालनबद्दल एक जुनी तक्रार होती. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला सगळ्या बायका उखाणे घ्यायच्या आणि शालनची पाळी आली की ती म्हणायची, “मला येत नाही.” चौतीस वर्षांत तिने एकदाही माझं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यात नाही आणि बिनउखाण्याचंही नाही. मी ‘अहो’, मी ‘हे’, मी ‘स्वप्नालीचे आप्पा’. बँकेत, दवाखान्यात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं तर ती मला पुढे ढकलायची. त्या काळच्या बायकांचं तसंच असतं, त्यात मला काही वाटलं नाही.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात ती शिडीखाली झाडताना एकटीच हसत होती.

“काय झालं?”

“काही नाही.”

“मग हसतेस का?”

“अमेरिकेत जाळ्या झाल्यात,” ती म्हणाली आणि आणखीच हसायला लागली. पुढचे चार दिवस त्या शिडीजवळ गेली की तिला हसू यायचं. कारण परीक्षेपर्यंत सांगितलं नाही.

लेखी पेपर शुक्रवारी झाला. शनिवारी तोंडी. तोंडीला पन्नास गुण, पास व्हायला पंचवीस. परीक्षा घ्यायला पुण्याहून मादाम ओदिल आल्या होत्या. साठीच्या, उंच, पांढरे केस बारीक कापलेले, पायांत कोल्हापुरी चप्पल. त्यांच्या टेबलावर स्वयंपाकघरातलं असतं तसं टिकटिक करणारं एक घड्याळ होतं. प्रत्येक जोडीला सहा मिनिटं. जोडीतल्या एकाने दुसऱ्याची ओळख करून द्यायची. त्याचं नाव, तो राहतो कुठे, आठवड्यात कुठल्या गावांना जातो, कुणाकुणाकडे जातो. मग दुसऱ्याने पहिल्याची. खोलीत फ्रेंचशिवाय बोलायचं नाही.

शालनची जोडी कॉलेजातल्या मितालीशी होती. महिनाभर दोघींनी एकमेकींची ओळख घोटली होती. शालन झोपेतसुद्धा ‘मिताली कुपवाडला राहते’ म्हणायची. आणि परीक्षेच्या सकाळी मितालीचे डोळे आले. दारात काळा चष्मा लावून उभी. मादामनी लांबूनच तिला हाताने बाहेर जायला सांगितलं, यादी बघितली आणि शालनला पुढच्या नावाशी जोडून टाकलं.

“आटुगडे, आटुगडे.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पंधरा जणांत मी बिनजोडीचा उरलो होतो. मला तर बरंच वाटलं. माझी ओळख करून द्यायला तिला काय अवघड?

आत गेलो. पोंक्षे बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. मादामनी घड्याळ फिरवलं आणि शालनला खूण केली.

“इल सापेल,” शालन म्हणाली. म्हणजे, त्यांचं नाव आहे.

आणि थांबली.

घड्याळ टिकटिक करत होतं. आधी पोंक्षे बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग माझ्या ध्यानात आलं.

“इल सापेल,” शालन पुन्हा म्हणाली आणि पदर सावरला. मग बोटाने माझ्याकडे दाखवलं.

मादामनी मान हलवली. बोला.

“ल पापा द स्वप्नाली.”

“नों,” मादाम म्हणाल्या. नाव. त्यांनी टेबलावर बोट आपटलं. ज्याचं नावच नाही त्याची ओळख कसली, असं काहीतरी त्या म्हणाल्या.

पोंक्षे बाई उठल्या आणि फ्रेंचमध्ये समजावायला लागल्या की आमच्याकडे पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण मादामनी हात वर केला. परीक्षेत मदत चालणार नाही. मी खिशातून एसटीचं जुनं ओळखपत्र काढलं आणि शालनपुढे धरलं. तिने ते घेतलं आणि नावावर बोट ठेवून मादामना दाखवलं. मादामनी ते उलटं करून टेबलावर ठेवलं. दीड मिनिट संपलं होतं. मला तिच्या फॉर्मवरची ती आडवी रेघ दिसायला लागली.

“शालन,” मी मराठीत म्हणालो, गुण गेले तर गेले म्हणून. “घे की. इथं कोण ऐकतंय?”

“तुम्ही ऐकताय की!”

पोंक्षे बाईंना हसू फुटलं. त्यांनी रुमाल तोंडावर धरला. मादाम आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. शब्द कळत नसला तरी त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

शालन उठली. खुर्ची मागे सरकवली. पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही खांद्यांवर नीट बसवला, जसा बायका हळदीकुंकवात घेतात. भिंतीकडे बघत एका दमात म्हणाली,

“ज व्हे आ पारी, ज व्हे ओझ एताझ्युनी,
ल स्वार ज राँत्र शे दिगाँबार, मों मारी!”

पॅरिसला जाते, अमेरिकेला जाते, संध्याकाळी परत येते दिगंबरकडे, माझ्या नवऱ्याकडे.

दाराबाहेर पोरी कान लावून उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टी मारली. पोंक्षे बाई खुर्चीत बसून रुमालात तोंड खुपसून हलत होत्या. मादाम उभ्या राहिल्या होत्या.

“आंकोर!” त्या म्हणाल्या. म्हणजे, परत एकदा.

“नों,” शालन म्हणाली आणि बसली. मग पोंक्षे बाईंना मराठीत म्हणाली, “त्यांना सांगा, उखाणा एकदाच असतो.”

त्यानंतर तिची गाडी जी सुटली ती थांबेना. हे इस्लामपूरला राहतात, ‘आ’. भारतात, ‘आँ’. मंगळवारी सांगलीला जातात, ‘आ’. केस कापायला न्हाव्याकडे, ‘शे’. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरकडे, ‘शे’. गप्पा मारायला म्हेत्रेंकडे, ‘शे’, आणि तिथे दोन चहा पिऊन घरी येऊन सांगतात की काही खाल्लं नाही. हे शेवटचं बाईंनी कधी शिकवलंच नव्हतं. हातवारे करून तिने ते कसंतरी बसवलं आणि मादामना ते कळलं. घड्याळ वाजलं तरी ती बोलत होती.

मग माझी पाळी. माझे कान तापले होते. चौतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं होतं, आणि तेही नाकातून. मी तिचं नाव बरोबर सांगितलं. पुढे ती स्वयंपाकघरात राहते म्हणालो. मग ती जपानमध्ये आंघोळ करते म्हणालो. मग देशांना ‘शे’ लावलं आणि बाजारातल्या कासाराला ‘ओ’. पोंक्षे बाई डोळे मिटून बसल्या. मी पाट्या लिहिणारा माणूस!

निकाल तासाभरात लागला. लेखीत दोघंही सुटलो होतो. तोंडीत, शालन अडतीस. मी तेवीस.

पोंक्षे बाईंनी तिच्या हातात कागद दिला. तिने तो आधी उलटा धरला, मग सुलटा केला आणि ओळीवर बोट ठेवून आपलं नाव वाचलं. मग खालचा शब्द वाचला. मग परत नाव. पोरी तिच्याभोवती नाचत होत्या. मिताली काळा चष्मा लावून लांबूनच ओरडत होती, “काकू, माझ्या डोळ्यांमुळे पास झालात!” खालच्या दुकानातून मालकाने पेढे पाठवले. मादामनी जाताना तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि तो उखाणा आपल्या वहीत उतरवून घेतला. कुणासाठी ते सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत मी सवयीने खिडकीशी बसायला गेलो.

“अं हं,” शालन म्हणाली. “नापास माणसानं खिडकीत बसू नये.”

मी कडेला बसलो. तिने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर धरला होता. कंडक्टर माझ्या हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, “काय काकू, कसला कागद?” तिने त्याला दाखवला. मग मागच्या सीटवरच्या बाईला दाखवला. आष्टा येईपर्यंत अर्ध्या गाडीने बघितला होता.

“तू माझं नाव घेतलंस,” मी म्हणालो.

“कुठं घेतलं?”

“अगं, सगळ्यांसमोर!”

“ते फ्रेंचमध्ये. फ्रेंचमधलं धरत नाहीत.”

“मग एकदा मराठीत घे.”

“आता कशाला? परीक्षा झाली की.” ती खुदखुदत होती. “त्या शिडीखाली झाडताना सुचलं मला. पारी, एताझ्युनी, मारी. जुळतंय की म्हटलं. आठ दिवस पोटात धरून बसले होते.”

“म्हणजे तुला उखाणा येतो. मग लोकांना येत नाही का सांगत होतीस? आपल्या लग्नात दारात अडवलं होतं, तेव्हाही तोंड उघडलं नाहीस. शेवटी आमच्या आक्काने तुझ्या वतीने घेतला.”

ती खिडकीबाहेर बघायला लागली. ऊस तुटून गेला होता, रानं मोकळी होती.

“तेव्हा किती वाजले होते आठवतंय?” तिने विचारलं.

“नाही.”

“अकरा. तुमच्या सोप्यातल्या घड्याळात ठोके पडत होते. मी उंबऱ्यावर माप ओलांडायला उभी. सगळ्या म्हणतायत, नाव घे, नाव घे. आणि अकरा वाजता माझा मराठीचा पेपर होता.” ती माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं. “पेपर सोडून उखाणा घेणार होते होय?”

मी तिला रजेचं सांगितलं. तिच्या वडिलांचा निरोप, माझं उत्तर, सगळं. हॉल तिकीट बघितल्याचंही सांगितलं. चौतीस वर्षं माझ्याकडे राहिलेलं ते सगळं आष्ट्याच्या थांब्यावर बाहेर आलं.

“माहितेय,” ती म्हणाली. “बाबांनी तुमचं पत्र मला वाचून दाखवलं होतं.”

गाडी सुटली. तिनेच पिशवीतून पेढा काढला, अर्धा मोडला, माझ्या हातावर ठेवला.

“आज पेपरातच उखाणा आला,” ती म्हणाली. “मग घेतला.”

आणि परत हसायला लागली. न्हाव्याच्या आणि म्हेत्रेंच्या चहाच्या गोष्टी कंडक्टरला सांगायला लागली. मी नापास झालेला माणूस कडेला बसून अर्धा पेढा खात होतो, आणि इतका आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

पुढे आम्ही रेनला गेलो. नात झाली. ब्रिजितबाई आणि शालन स्वयंपाकघरात तास तास बसायच्या. शालनचं निम्मं चुकायचं, पण ‘शे’ कधी चुकलं नाही. तिथे उखाणा घे म्हणणारं कुणी नव्हतं, त्यामुळे तिने परत घेतला नाही. मीही मागितला नाही. एकदाच असतो.

शालन जाऊन आता सहा वर्षं झाली. पाट्या मी काढल्या नाहीत. बशीर मध्ये आला होता नळ बघायला, तो स्वतःच म्हणाला, “जपानातला का फ्रान्समधला?”

गेल्या मार्चमध्ये मी परत परीक्षेला बसलो. पोंक्षे बाई आता थकल्या आहेत. म्हणाल्या, “आटुगडे, या वयात कशाला?”

“भिंतीवर तिचा कागद आहे, बाई. रोज बघतो मी तो. नापास राहून चालत नाही.”

या वेळी परीक्षक तरुण मुलगा होता. त्याने जोडी लावली नाही, स्वतःच प्रश्न विचारले. गावं, देश, डॉक्टर, न्हावी. सगळे शब्द जागेवर पडले. शेवटी विचारलं, आपण राहता कुठे?

“आ इस्लामपूर, आँ नँद,” मी म्हणालो. इस्लामपूरला, भारतात.

कुणाकडे?

“शे शालन.”

त्याने नम्रपणे विचारलं, शालन कोण? बायको, मी सांगितलं. म्हणजे ते तुमचंच घर ना? तर मग ‘शे म्वा’. त्याने समजावून सांगितलं आणि परत म्हणायला खूण केली. चूक सुधारली तर गुण देणार होता.

“शे शालन,” मी म्हणालो.

पोंक्षे बाई खाली बघत होत्या. त्या मुलाने एक गुण कापला. त्याचं बरोबर होतं.

येताना एसटी मोकळी होती. मी जाऊन खिडकीशी बसलो. पास झालो होतो.